बाबांचा वर्डस्वर्थ आणि विंडरमिअरची गाडी

आमच्या घरात वर्डस्वर्थ हा लांबचा नातेवाईक असल्यासारखा होता. म्हणजे कधी घरी येत नाही, पण विषय मात्र दर चार दिवसांनी निघतो, तसा. बाबा चिपळूणजवळच्या एका शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. पुस्तकात असो वा नसो, दहावीच्या वर्गात दरवर्षी एकदा 'डॅफोडिल्स' फळ्यावर उतरायचीच. आता डॅफोडिल म्हणजे नक्की काय, हे कोकणातल्या पोरांना कसं दाखवणार? तर बाबा शाळेच्या कुंपणावरचं बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फूल तोडून आणायचे, वर धरायचे आणि म्हणायचे, "हे ते नव्हे. पण तूर्त हेच समजा." मी त्यांच्याच वर्गात होतो. त्यामुळे कित्येक वर्षं मला वर्डस्वर्थ बिट्टीच्या कुंपणाशेजारी उभा असलेलाच दिसायचा.

पुढे यथावकाश मी इंजिनिअर झालो, आयटीत चिकटलो आणि ऑनसाईट म्हणून मँचेस्टरला येऊन पडलो. २०२३ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा महिनाभर आले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना भाजी आणायला सुपरमार्केटात घेऊन गेलो. दारातच बादल्यांत फुलं ठेवली होती. मिटलेल्या कळ्या, लांब हिरवे दांडे, मेथीच्या जुडीसारखं रबर लावलेलं. पौंडाच्या आसपास एक जुडी. बाबांनी पाटी वाचली आणि तिथेच थांबले. मागे ट्रॉल्यांची रांग लागली तरी हलेनात. "हेच का ते?" म्हणाले. तेहतीस वर्षं ज्या फुलावर शिकवलं ते असं रबर लावून भेटेल ही अपेक्षा नसावी. आईने व्यवहार सांभाळला, दोन जुड्या उचलल्या. रात्री त्या पाण्यात ठेवल्या आणि सकाळी स्वयंपाकघर पिवळंधमक!

मग लेक डिस्ट्रिक्टला जायचं हे न बोलता ठरलंच. मँचेस्टरहून थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत विंडरमिअर. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. मी आपला सवयीप्रमाणे आठवडाभर आधी अभ्यासाला बसलो. (ट्रिपला निघण्याआधी 'रिक्वायरमेंट' गोळा केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.) आणि त्यात एक भलतंच काहीतरी हाती लागलं.

झालं होतं असं. १८४४ साली केंडलहून विंडरमिअर तळ्यापर्यंत रेल्वे आणायचा घाट घातला गेला. वर्डस्वर्थ तेव्हा ७४ वर्षांचा, वर्षभरापूर्वीच राजकवी झालेला. तो खवळला. त्याने निषेधाचं एक सुनीत लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आणलं, आणि त्यावर मन भरलं नाही म्हणून डिसेंबरात 'मॉर्निंग पोस्ट'ला दोन लांबलचक पत्रं लिहिली. निसर्ग वाचवा म्हणून लिहिली असतील असं वाटतं ना? तेही आहेच. पण मुद्दा निराळा आहे. त्याचं म्हणणं असं की डोंगरदऱ्यांचं सौंदर्य कळणं ही उपजत गोष्ट नव्हे. ती आवड हळूहळू, संस्काराने मुरते. तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांतले कामगार गाडीत भरून एका दिवसासाठी इथे आणून सोडण्यात ना त्यांचं भलं, ना इथल्या लोकांचं. त्यांनी आपापल्या गावाजवळच्या शेताबांधांवर फिरावं, तेवढं पुरे. इकडे आले तर दारूची दुकानं, कुस्त्या आणि शर्यती तेवढ्या वाढतील.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. कारण माझे आजोबा गिरणी कामगार होते. परळला चाळीत एक खोली, साचेखात्यात नोकरी, आयुष्यभर. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांनी पुकारलेल्या संपात जे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. संप कधी संपलाच नाही आणि आजोबा कायमचे गावी परतले. बाबा त्या खोलीत पोटमाळ्यावर बसून बी.ए.चा अभ्यास करत होते, इंग्रजी साहित्य घेऊन. गिरणी कामगाराचा मुलगा इंग्रजी साहित्य वाचतो याचं चाळीला फार अप्रूप होतं म्हणे. आणि आता त्या मुलाला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याच्या लाडक्या कवीच्या घरी घेऊन जायचं, त्या कवीला नको असलेल्याच गाडीत बसवून, आणि वर सांगायचं की बाबा, तुमच्या वडलांसारखी माणसं इथे नकोत असं यानेच लिहून ठेवलंय? मी गप्प बसायचं ठरवलं.

गाडी वेळेवर सुटली. बोल्टन, प्रेस्टन, लँकेस्टर. बोल्टनच्या आसपास लाल विटांच्या जुन्या कापडगिरण्या दिसतात, काहींचे फ्लॅट झालेत, काही नुसत्याच उभ्या आहेत. बाबा खिडकीशी होते. "अगदी लालबाग," एवढंच म्हणाले. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं. समोर पाठीला भलीमोठी पोतडी लावलेली चार पोरं बसली होती, त्यांतल्या एकाने वास घेऊन विचारलंच, हे काय आहे. आईने त्याला दोन पुऱ्या दिल्या. लोणचं मी थोपवलं. परराष्ट्र संबंध वगैरे.

ऑक्सनहोमला मुख्य लाईन सुटते आणि विंडरमिअरचा फाटा सुरू होतो. जेमतेम दहा मैल. केंडल, बर्नसाईड, स्टेव्हली, विंडरमिअर, संपलं. पूर्वी दोन रूळ होते, १९७३ साली एक उखडला. आता एका वेळी या फाट्यावर एकच गाडी असते. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल थ्रेड, वर लॉक लावलेला. वीज आणायचं २०१३ मध्ये जाहीर झालं, २०१७ मध्ये रद्द झालं, तेव्हा डिझेलवरच चालू. एवढी चिमुकली गाडी. कुरणं, मेंढ्या, दगडी बांध, आणि मग अचानक लांबवर डोंगरांची निळी रांग. आणि या गाडीवरून एवढा गहजब!

माझ्या मनात हे चाललं असतानाच बाबा खिडकीतून तोंड न काढता म्हणाले, "त्याने याच गाडीला विरोध केला होता, माहितीये ना तुला?"

मी उडालोच. "तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वाचलं. लायब्ररीत त्याच्या गद्याचा एक जाड खंड होता. कोणी नेत नसे, मी नेला."

"मग वर्गात कधी सांगितलं नाहीत ते?"

"दहावीला? व्याकरण कोण घेणार मग?"

थोडा वेळ गाडीचाच आवाज. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. ८२ सालचीच गोष्ट. संप सुरू झालेला, आजोबा दिवसभर घरी. ती सवय नव्हती त्यांना, खोलीत माणूस मावत नसे. बाबांनी ते पत्र वाचलं आणि इतके चिडले की रात्री जेवताना आजोबांना मराठीत करून सांगितलं. असा असा एक मोठा कवी, त्याचं म्हणणं असं की गिरणीतल्या माणसांना डोंगर दाखवून उपयोग नाही. आजोबा ऐकून घेत होते. भात संपवला, हात धुतला आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, आम्ही डोंगर बघायला नाय जात. आमचं घर हाय तिथं."

बाबा हसले हे सांगताना. आई हसली नाही. ती म्हणाली, "खरंच बोलले मामंजी." मी आजोबांना पाहिलेलं नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, ते त्याच्या आधीच गेले, माझ्या जन्माच्याही आधी. गणपतीला आणि शिमग्याला एसटीच्या मागच्या बाकावर रात्रभर धक्के खात ते गावाला जायचे ते डोंगर कसे दिसतात हे पाहायला नाही हे खरंच. पण कशेडी घाट उतरताना आजोबा हटकून जागे व्हायचे आणि काच सरकवायचे, हेही बाबांनीच सांगितलं.

विंडरमिअर. इथे मूळचं गाव बर्थवेट, पण स्टेशनला तळ्याचं नाव दिलं आणि गावानेही तेच घेतलं. तळं प्रत्यक्षात दीडेक मैल लांब. जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता एक सुपरमार्केट आहे, गाडी त्याच्या शेजारी बापडी येऊन उभी राहते. रेल्वे इथेच थांबली, तळ्याच्या काठाने पुढे गेली नाही. १८७० च्या दशकात ती पुढे अँबलसाईडकडे न्यायची टूम निघाली तेव्हा जॉन रस्किन विरोधात उभा राहिला. तोही इथलाच, कॉनिस्टनच्या काठावर राहणारा. त्याची भाषा तर वर्डस्वर्थपेक्षा तिखट होती. तेव्हापासून आजतागायत रूळ विंडरमिअरलाच संपतात आणि पुढे बस. पाचशे नव्व्याण्णव नंबरची, वरून उघडी. आम्ही अर्थात वरच बसलो. आईने शाल, स्वेटर आणि माझं जॅकेट असं सगळं चढवलं.

पहिला मुक्काम रायडल माउंट. वर्डस्वर्थ इथे १८१३ पासून १८५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिला. ऐसपैस घर, पाचेक एकरांची बाग, बाग त्याने स्वतः आखलेली. वरच्या अंगाला लांबलचक सपाट पायवाटा आहेत, तिथे तो येरझाऱ्या घालत मोठ्याने कविता रचायचा. पण हे घर त्याचं नव्हतं, भाड्याचं होतं! आणि घर चालायचं ते कवितेवर नव्हे, तर सरकारी स्टँपच्या वाटपाच्या नोकरीवर. राजकवी म्हणजे आपल्याकडच्या स्टँप व्हेंडरचा साहेब, असं मी आईला समजावलं. तिचा त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला. "म्हणजे घरात पगार येत होता."

घराच्या खाली चर्चच्या मागे एक उतरता तुकडा आहे, डोराचं शेत म्हणतात त्याला. घरमालक आपल्याला बाहेर काढेल या भीतीने वर्डस्वर्थने तो विकत घेऊन ठेवला होता, इथे घर बांधीन म्हणून. ते बांधायची वेळ आली नाही. १८४७ च्या जुलैमध्ये त्याची लाडकी मुलगी डोरा गेली. मग त्याने आणि बायकोने त्या तुकड्यावर डॅफोडिल्स लावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विंडरमिअरला पहिली गाडी आली होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अंगावर एकाच वर्षात किती यावं.

आम्ही गेलो तेव्हा निम्मी फुलं वाळायला लागली होती, निम्मी ताजी. सुपरमार्केटातल्यापेक्षा बुटकी, फिकट. बाबा उतारावरच्या एका दगडावर बसून राहिले. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाले, "राहू दे रे." आई हळूच म्हणाली, "बिट्टीशी काही म्हणजे काही साम्य नाही हो." तेव्हा कुठे ते उठले.

डव्ह कॉटेज तिथून पुढे, ग्रासमिअरला. रायडल माउंट पाहून आलं की हे घर म्हणजे खुराडं वाटतं. पूर्वी इथे दारूचा गुत्ता होता. हो, गुत्ता! १७९९ च्या डिसेंबरात वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी इथे राहायला आले, १८०८ पर्यंत राहिले. मधे लग्न झालं, तीन मुलं झाली, बायकोची बहीण, कोलरिजसारखे आठ-आठ दिवस ठिय्या देणारे मित्र. फरशी काळ्या दगडाची, खोल्या अंधाऱ्या, छत डोक्याला लागेल असं. माडीवरच्या एका छोट्या खोलीला डोरोथीने ऊब राहावी म्हणून भिंतभर वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती खोली पाहून आईला भरून आलं. तिच्या माहेरी ट्रंका आणि फडताळं आतून अशीच पेपर लावून सजवायचे. तिथल्या मार्गदर्शक बाईंना तिने हे माझ्याकरवी सांगायला लावलं. बाई खरोखर ऐकत होत्या. मग दोघींनी मिळून भिंतीवरची एक जाहिरात वाचली.

डॅफोडिल्सची खरी हकीकत मला इथेच नीट कळली. फुलं दिसली ती इथे नव्हे, तर अल्सवॉटर या दुसऱ्याच तळ्याच्या काठी, १५ एप्रिल १८०२ रोजी. कवितेत तो एकटा आहे, प्रत्यक्षात डोरोथी बरोबर होती. तिने रोजनिशीत सगळं तपशीलवार टिपून ठेवलं, वाऱ्यासकट. याची कविता आली दोन वर्षांनी. आणि त्यातल्या दोन ओळी तर बायकोने, मेरीने सुचवलेल्या, त्याच सर्वांत चांगल्या असं तो स्वतःच म्हणायचा. आईने ऐकलं आणि निकाल दिला, "म्हणजे नोट्स बहिणीच्या, मदत बायकोची, आणि पेपरवर नाव याचं." बाबा म्हणाले, "त्यानेच कबूल केलं म्हणून तुला कळलं ना?" हा वाद पुढे जिंजरब्रेडच्या दुकानापर्यंत चालला. ते दुकान चर्चच्या अंगणाला लागून, जुन्या शाळेच्या इवल्याशा खोलीत आहे. सेरा नेल्सन नावाच्या बाईने १८५४ साली सुरू केलेली कृती. बिस्किटही नाही, केकही नाही, रवाळ काहीतरी. आलेपाकाची आठवण येते, पण आल्यात हात आखडलेला. चार पावलांवर वर्डस्वर्थ कुटुंबाच्या साध्या दगडी कबरी. विल्यम, मेरी, डोरोथी, डोरा सगळे जवळजवळ. बाबांनी चपला काढल्या. गवत ओलं होतं, मी काही बोललो नाही.

एक गंमत राहिलीच. डव्ह कॉटेजच्या मागच्या बाजूला एक फुटका खडक जोडून ठेवलेला आहे. त्यावर वर्डस्वर्थ, त्याचा भाऊ, डोरोथी, मेरी, तिची बहीण आणि कोलरिज यांनी आपापल्या नावांची आद्याक्षरं कोरली होती. म्हणजे राजगडाच्या पायरीवर बदामात नाव कोरणाऱ्या आपल्या भावंडांचे हे थोर पूर्वज! हा खडक मुळात थर्लमिअर तळ्याकाठच्या रस्त्यावर होता. ग्रासमिअरवरून पुढे खिंड ओलांडली की ते तळं लागतं. मँचेस्टरच्या महापालिकेला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा त्यांनी १८७९ साली कायदा करून घेतला, तळ्याला बंधारा घातला, पाणी चढवलं, काठच्या वाड्या बुडवल्या. नवा रस्ता काढताना हा खडक फुटला. १८९४ पासून ते पाणी एकही पंप न लावता, नुसत्या उतारावरून, जवळपास दीडशे किलोमीटर वाहत मँचेस्टरला येतंय. माझ्या नळाला येतं त्यात तेही असतं. वर्डस्वर्थ रेल्वेला घाबरत होता की ती शहराला डोंगरात आणेल. शहराने डोंगर घरी बोलावून घेतला, आणि त्यासाठी पाइप पुरला.

रात्री अँबलसाईडच्या मुक्कामात मी बाबांना विचारलं, शेवटी त्याचं बरोबर होतं की चूक? बाबा म्हणाले, "मला काय विचारतोस, तू सांग. तुझी पिढी हुशार." टाळलं त्यांनी. म्हणून मीच सांगतो.

गर्दीबद्दल तो पूर्ण चुकला असं मला म्हणवत नाही. बोनेसच्या धक्क्यावर शनिवारी दुपारी माणसाला माणूस घासत होतं. रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नव्हती. फक्त ती माणसं रेल्वेने आलेली नव्हती. बहुतेक सगळे स्वतःच्या मोटारीतून आले होते. आमच्या डिझेल गाडीने त्या दिवशी आणली असतील तेवढी माणसं एका पार्किंगच्या कोपऱ्यात मावली असती. आणि कोण गर्दी जमवलं म्हणून ओरडतोय तेही बघा! या भागाचं सर्वांत गाजलेलं प्रवासवर्णन-कम-मार्गदर्शक यानेच लिहिलं. १८१० मध्ये निनावी, मग आवृत्त्यांवर आवृत्त्या. मॅथ्यू अर्नोल्डने एक किस्सा लिहून ठेवलाय की कोणा पाद्र्याने वर्डस्वर्थला विचारलं, तुम्ही त्या मार्गदर्शकाखेरीज आणखी काही लिहिलंय का? त्याच पुस्तकात त्याने असंही सुचवलंय की हा प्रदेश कुणा एकट्या जमीनदाराचा नव्हे, साऱ्या देशाचा ठेवा मानावा. मग देशात गिरणीवाले येत नाहीत काय?

पण खरा चुकला तो आवडीच्या बाबतीत. आवड मुरायला वेळ लागतो म्हणाला ना? लागला. साधारण दोन पिढ्या. रेल्वेने एक दिवसाच्या सहलीला जाणाऱ्या त्याच कामगारांची नातवंडं पुढे दर रविवारी डोंगर तुडवायला लागली. आणि जमीनदारांनी वाटा अडवल्या तेव्हा २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट पठारावर बंदी मोडून चढले. पाच जण तुरुंगात गेले, डोंगरावर चालल्याबद्दल! १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला त्यामागे ती चळवळही होती. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं. वर्डस्वर्थचा ठेवा देशाच्या खात्यावर जमा झाला त्यात त्याला नको असलेल्या माणसांच्या घरातल्यांचाही हात होता. हे त्याला कोणी सांगायला हवं होतं. आजोबांनी सांगितलं असतं.

रविवारी सकाळी बोनेसहून फेरी घेऊन पलीकडे गेलो. ही फेरी जाड तारेवरून स्वतःला ओढत जाते, मोटारी, सायकली, माणसं, कुत्री सगळं घेऊन. पलीकडून दोनेक मैल चढउताराची वाट नियर सॉरी गावापर्यंत. बाजूच्या कुरणात मेंढ्या आणि काळी कुळकुळीत कोकरं. या हार्डविक जातीच्या मेंढ्या, जन्मतात काळ्या आणि वाढतात तशा राखाडी होत जातात. आई म्हणाली, आपल्यासारखंच.

इथे हिल टॉप, बिॲट्रिक्स पॉटरचं घर. तिचा तो निळ्या कोटातला पीटर ससा सगळ्यांना माहीत असतो. १९०२ साली ते पुस्तक निघालं आणि तुफान खपलं. १९०५ मध्ये तिने हे शेत घेतलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो प्रकाशक त्याच उन्हाळ्यात अचानक वारला होता. घरात शिरलं की तिच्या चित्रांतलंच घर दिसतं, तोच जिना, तेच कपाट, तीच काळी लोखंडी चूल. आई चुलीपाशी अडकली. बाबांना सशात रस नव्हता, ते बाहेर भाजीच्या वाफ्यांपाशी उभे.

मला मात्र वर्डस्वर्थपेक्षा ही बाई जास्त भावली. कारण तिने पत्रं लिहिली नाहीत, जमीन घेतली. पुस्तकांचे पैसे आले की एक शेत, पुढे आणखी एक. मोठ्या जमिनी तुकडे होऊन बंगल्यांसाठी विकल्या जाऊ नयेत म्हणून. मेंढ्यांची पैदास शिकली, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली, गावातल्याच वकिलाशी सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं. १९४३ मध्ये गेली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली, मेंढ्या राहिल्याच पाहिजेत या अटीसकट. ती संस्था १८९५ मध्ये निघाली, आणि तिच्या तिघा संस्थापकांपैकी एक, रॉन्सली हा पाद्री, पॉटरच्या घरचा जुना स्नेही.

आणि आता मुख्य गोष्ट. हिचं घराणं कुठलं? आजोबा एडमंड पॉटर, मँचेस्टरजवळ ग्लॉसपला कापडावर छपाई करणाऱ्या प्रचंड कारखान्याचे मालक. आईचं माहेरही सुताच्या धंद्यातलं. म्हणजे ज्या गिरण्यांतली माणसं नकोत म्हणून एवढा शाईचा पाऊस पडला, त्याच धंद्यावर गबर झालेल्या घराण्यातल्या मुलीने हे डोंगर राखले. मी हे मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर. पण मालकाची नात ती. साचेखात्यातल्याची नव्हे." माझा उत्साह जरा खाली आला. मग तेच म्हणाले, "तरी केलं तिने ते चांगलंच केलं."

शेवटचा टप्पा हॉक्सहेड, हिल टॉपपासून दोन मैल. इथल्या ग्रामर शाळेत वर्डस्वर्थ १७७९ पासून १७८७ पर्यंत शिकला. शाळा आता संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावर वर्ग जसाच्या तसा. जाड लाकडी बाकं, आणि बाकांवर एक इंच जागा मोकळी नाही, सगळीकडे चाकूने कोरलेली नावं. त्यांत एक वर्डस्वर्थचं, काच लावून जपून ठेवलेलं.

इथे एक पार्श्वभूमी सांगायला हवी. बाबांचा शाळेत दरारा होता तो दोन गोष्टींवरून. एक, स्पेलिंग. दोन, बाक. कर्कटकाने बाकावर काही कोरताना कोणी सापडला की पन्नास उठाबशा, वर पालकांना चिठ्ठी. मी स्वतः मास्तरांचा मुलगा असूनही यातून सुटलेलो नाही. (मी फक्त इंग्रजी 'ए' काढला होता हो.)

बाबा त्या काचेसमोर बराच वेळ उभे होते. वाकून, चष्मा वर करून. मग खिशातून मोबाईल काढला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच स्वतःहून फोटो काढला. परतीच्या गाडीत ऑक्सनहोम जाईपर्यंत खटपट करून तो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली इंग्रजीत नीट दोन ओळी, कोणाचं बाक, कुठली शाळा, कुठलं साल. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. तरी लँकेस्टर यायच्या आत पहिलं उत्तर आलं. सत्त्याण्णवच्या बॅचच्या, हल्ली खेर्डीला गॅरेज चालवणाऱ्या एका गृहस्थांचं.

"सर, आमच्या पन्नास उठाबशा परत मिळतील का?"

बाबांनी फोन आईकडे दिला, आईने माझ्याकडे दिला. पलीकडच्या बाकावर मँचेस्टरची पोरं चिखलाचे बूट काढून, पाय वर घेऊन झोपली होती. प्रेस्टन गेल्यावर बाबांनी फोन परत मागितला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर टाईप केलं.

"पंचवीस."

त्यानंतर गट पहाटेपर्यंत बंद झाला नाही म्हणे.